खांडीवरचे हात

प्रिय नमू,

ओटी भरायला कोण कोण येणार, असं तू फोनवर रोज विचारतेस आणि मी डाळ उतू जातेय म्हणून फोन ठेवते. इतकी डाळ आपल्या घरात कधी शिजली नव्हती! फोनवर बोलताना तुझ्या सासूबाई शेजारीच असतात, म्हणून आज लिहायला बसले. सातवा महिना आहे, उभ्याने वाचू नकोस.

तुला लहानपणी न्हाऊ घालायची ती शेजारची चंद्रावती. तिने यंदा ग्रामपंचायतीला अर्ज भरला. गावकीने आधीच बिनविरोध ठरवून पेढेसुद्धा वाटले होते. पंच अर्ज मागे घे म्हणाले, ती ऐकेना. निवडणूक हरली, तरी गावकीने तिचं घर वाळीत टाकलं. मिठागरांच्या या गावात तिला दुकानात मीठ मिळेना, बोल!

मग पिठोरीच्या उधाणाने खाडीच्या बांधाला खांड पडली. अशा वेळी घरटी एक तरी माणूस जातं आणि चिखलाचे गोळे हातोहात पुढे देत खांड बुजवतात, हे तू पाहिलंच आहेस. चंद्रावतीही आली, तिचंही शेत त्याच बांधाआड आहे. ती रांगेत उभी राहिली तसा तिच्या पुढच्याने तोंड फिरवलं. तिच्या हातचा गोळा कुणी घेईना. भातात खारं पाणी शिरतंय आणि ही शहाणी माणसं रुसून उभी! माझं डोकंच फिरलं. मी जागा सोडून तिच्यापुढे गेले आणि हात पुढे केले. ती पुटपुटली, "नको गो हौसा, तुला पन टाकतील." मी म्हटलं, "टाकू दे. तू चिखल दे."

खांड बुजली, आणि संध्याकाळी आपलंही घर वाळीत पडलं. तुझे बाबा पाय धूत म्हणाले, "बरा केलास. नायतर मला तिच्यापुढं जावा लागला असता." गणपतीला डॉक्टरांनी तुला प्रवास नको म्हटलं, म्हणून तुला काही कळलं नाही, आणि आम्हीही मुद्दाम कळवलं नाही.

आता पंचांचा निरोप आलाय. माफी मागा, पोरीच्या ओटीला सगळं गाव येईल. खोटं कशाला सांगू, जीव तुटतो गं. गावभरच्या सवाष्णींनी तुझी ओटी भरावी, अंगणात गाणी व्हावीत, ही माझी किती दिवसांची हौस. पण माफी कशाची मागू? शेजारणीच्या हातचा चिखल घेतला त्याची? वाळीत टाकणं हा गुन्हा आहे. आम्ही दोघींनी पेणला जाऊन पोलिसांत तक्रार दिली.

पत्राचं कारण एवढंच. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत खरी, पण आलीस तर ओटी भरायला एकच बाई असेल. गावच्या रिक्षा आपल्याला घेत नाहीत, तेव्हा कासूला न उतरता पेणला उतर, तिथली रिक्षा बाबा सांगून ठेवतील. नाही आलीस तर मीच रोह्याला तुझ्या घरी येईन, रागावणार नाही. यायचं की नाही ते तुझं तू ठरव. सासूबाईंनी नाही, बाबांनी नाही, मीसुद्धा नाही. चंद्रावतीने मात्र तुझ्या ओटीसाठी नवे तांदूळ निवडून ठेवलेत. त्या बांधाआडच्या शेतातलेच आहेत.

तुझीच, वाट पाहणारी,
आई