सारख्या मापाचे दोन करगोटे

मी, सुमित्राबाई किसनराव ढगे, वय ५६, मॅट्रिक पास, राहणार रोहणा, तालुका आर्वी, जिल्हा वर्धा, केळझरच्या गणपतीला स्मरून, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या अकलेने हे मृत्युपत्र लिहिते. हे माझे दुसरे. पहिल्यात घर थोरल्या अंकुशच्या नावे होते. तो दोन वर्षांपूर्वी, एकतिसाव्या वर्षी, दुकानात बसल्या जागी गेला. त्याचे वडील एकेचाळिसाव्या वर्षी असेच गेले होते.

१. घर व किराणा दुकान धाकटा प्रफुल, वय २९, यास.

२. पाटल्या प्रफुलची बायको रीता हिला. मोडायच्याच झाल्या तर फक्त दवाखान्यासाठी.

३. नणंद तानाबाई हिला मोठा पितळी गंज. अंकुशच्या तेराव्याला ती भरल्या मांडवात म्हणाली, "नवरा खाल्ला, आता पोरगाही खाल्ला." बाई, मी खाल्ले नाही, खाऊ घातले. अन्न टाकणे पाप म्हणून गंजातला शेवटचा भात आणि तळणीचे उरलेले तेल त्यांच्याच पोटात घातले. एकादशीला तुपातला साबुदाणा दोनदा वाढला. पोट सुटले तर दृष्ट काढली. मानेवर काळा पट्टा आला तर मळ समजून बेसनाने घासला. निघाला नाही.

४. देवघरातला पत्र्याचा डबा कोणी फेकू नये. आमच्या घरी दर पोळ्याला पुरुषांचा करगोटा, म्हणजे कमरेचा काळा दोरा, बदलतात. सरणावर ठेवण्याआधी दोघांच्या कमरेचे कापलेले करगोटे त्यात आहेत. नदीत सोडायचे असतात, माझ्याने सोडवले नाहीत. गेल्या पोळ्याला ते शेजारी-शेजारी ठेवून पाहिले. बाप उंच, पोरगा ठेंगणा, दोन मरणांत पंधरा वर्षे. दोरे केसाइतकेही कमी-जास्त नाहीत. मग प्रफुलसाठी कापलेला ठेवला. दोन बोटे कमी. यंदा पुन्हा ठेवला. एक बोट.

त्याला सांगितले तर हसला. "आई व, तू माह्या सरणाचं माप घेऊन राह्यली का? बाबाच्या मानानं मी त वाळलेला हावो!"

सेवाग्रामच्या डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मावशी, पोटाचा घेर, मानेवरचा काळा पट्टा, साखर, रक्तदाब, रक्तातली चरबी, हे सगळं तरुणपणीच एकत्र येतं आणि दुखत काहीच नाही. मुलाला उपाशीपोटी घेऊन या. अजून वेळ आहे."

५. म्हणून अट. प्रफुलने दिवाळीच्या आत रक्त तपासून कागद माझ्या हातात द्यावा, व पुढेही दरवर्षी तपासावे. तोवर घराच्या कागदांची किल्ली मिळणार नाही. मी चाळीस वर्षे उपास केले, बाबू, तू एक कर. साबुदाण्याचा नाही, खरा.

६. वकीलसाहेब म्हणतात, वारस माझ्या आधी वारल्यास मालमत्ता कोणाकडे जाईल ते येथे लिहावेच लागते. मागच्या मृत्युपत्रात मी ते लिहिले होते, अंकुशचे नाव घालून, सुवाच्य अक्षरात. तिसऱ्या महिन्यात तो गेला. त्यांनी तीनदा पेन पुढे केला. मी लिहिणार नाही. खालची ओळ कोरी राहील. माझ्या मागे तिच्यात कोणी काही भरू नये.

................................................

वरील मजकूर मी स्वतः वाचून, खालील दोघांसमक्ष सही केली.

सौ. नव्हे, श्रीमती सुमित्राबाई किसनराव ढगे

साक्षीदार:
रूपराव चिंधूजी येंडे, शेजारी
जिजाबाई महादेवराव काळबांडे, भजनी मंडळ

रोहणा, ४ सप्टेंबर २००६