लस घेतलेले एकोणीस

१४ जानेवारी
आज एकदम सात जण! इथे रोमेनियात, याश शहरात उणे बारा अंश, आणि आमच्या हृदयविकार विभागात जिकडेतिकडे खोकला. प्रत्येकाच्या नाकातून नमुना घेतला. फ्लू निघाला तर एका रकान्यात, नाही निघाला तर दुसऱ्या. मग दोन्हीकडे लस घेतलेले किती, ते मोजायचं. बस. एवढ्यासाठी दोन वर्षं परवानग्या मागत फिरले.

विभागप्रमुख डॉक्टर कासियान म्हणाले, "स्मारांदाबाई, खोकणाऱ्यांची शिरगणती करून कुणाचं हृदय सुधारलंय?"

सुधारत नाही. पण फ्लूने बिघडतं — ते लसीने टळतं का, बघू.

२ फेब्रुवारी
पांतेलिमोन, निवृत्त ट्रामचालक. लस? "घेतली की." त्यांच्या डॉक्टरांच्या नोंदवहीत पाहिलं — नाही. परत गेले, तर हळूच म्हणाले, "बाई, तेव्हा बायको उशाशी होती. नाही म्हटलं असतं तर फ्लूआधी तिनेच संपवलं असतं."

हसले खरी, पण असे आणखी किती? आजवरची तोंडी उत्तरं सगळी रद्द. प्रत्येक नाव नोंदवहीशी ताडायचं.

९ फेब्रुवारी
फोन, फोन, फोन. घसा बसला. असे नऊ सापडले.

२४ फेब्रुवारी
राहवलं नाही, आजच गणित केलं. फ्लूचे एकशेवीस, त्यांत लस घेतलेले अठरा. फ्लू नसलेले दोनशे, त्यांत पन्नास. घेतलेल्यांचं न घेतलेल्यांशी प्रमाण धरलं: इकडे अठरास एकशेदोन, तिकडे पन्नासास दीडशे. म्हणजे लसीने फ्लूचा धोका सत्तेचाळीस टक्क्यांनी कमी — तोही हृदयाच्या रुग्णांत! तीनदा केलं. तेच.

चौथ्यांदा कासियानसाहेबांनी केलं. पेन खाली ठेवलं. मग, "पुढच्या हिवाळ्यात लस इथेच टोचायची. रुग्णाला घरी सोडण्याआधी."

मिठी मारावीशी वाटली. मारली नाही. नोंदी अजून चार दिवस चालू.

२८ फेब्रुवारी
शेवटचा दिवस. चार दिवसांत एकच नवा रुग्ण, आज सकाळी — तोआदेर, माझा नवरा. तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलेला. आता ताप आणि धाप. फ्लूच निघाला. लस ऑक्टोबरात मीच टोचली होती.

कासियानसाहेब हलक्या आवाजात म्हणाले, "घरचा माणूस आहे. वगळलं तर कुणी बोट ठेवणार नाही."

"लिहा," म्हटलं.

अठराचे एकोणीस. सत्तेचाळीसचे चव्वेचाळीस.

संध्याकाळी धाप ओसरली, ऑक्सिजन काढला. मक्याच्या पिठाची मामालिगा मागतोय, वर भरपूर चीज.