कनिष्ठा तू आणलीस

देवळी

प्रिय रीता,

फोन सोडून वहिनीला कागद का सुचला, असं तू म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, बाई. आधी माझं ऐक म्हणतेस आणि मुकेशरावांच्या डब्यापासून सोसायटीच्या पाण्याच्या टाकीपर्यंत सगळं सांगत बसतेस, तोवर इकडे दुकानात गिऱ्हाईक ताटकळतं. आता मात्र तुला शेवटपर्यंत वाचावंच लागेल.

घरी सगळे बरे आहेत. कापूस वेचायला आलाय आणि आपल्या कृषी केंद्रात हरभऱ्याच्या बियाण्याची गर्दी आहे. तुझा दादा सकाळी शटर उघडतो तो दुपारी जेवायलाच घरी दिसतो. बिलं मीच करते. अंजू दुसरीत गेल्यापासून माझ्या पुस्तकांना 'मम्मीचा होमवर्क' म्हणते आणि माझा झाला नाही तर मला रागावते. बाबा तिची बाजू घेतात.

त्याच बाबांनी पहिल्या चाचणीत काय केलं होतं, आठवतं ना? ऑनलाइन एमबीएची परीक्षा म्हणजे कॅमेऱ्यासमोर एकटीनं बसायचं, खोलीत दुसरं माणूस दिसता कामा नये, हे मी घरात चारदा सांगितलं होतं. तरी सून केव्हाची उपाशी बसली म्हणून पुंडलिकराव स्वतः पोह्यांची बशी घेऊन आले. वरून कॅमेऱ्याकडे बघून नमस्कारही केला. पेपर रद्द. मी रडकुंडीला आले होते, पण त्यांचा चेहरा पाहून हसूच आलं. सासऱ्यानं सुनेला आयती बशी नेऊन द्यावी, हे आमच्या तळेगावात मी कधी पाहिलं नव्हतं.

मग मुख्य परीक्षेची तारीख आली ती नेमकी महालक्ष्म्या बसायच्या दिवशी. घर पाहुण्यांनी भरलेलं, आरत्या, भांडी, पोरं. आपल्याकडे ज्येष्ठा सासूनं आणायची आणि कनिष्ठा सुनेनं, दारापासून कुंकवाच्या पावलांवरून. सून मी एकटीच. तेव्हा मी मनात शिक्षण सोडूनच दिलं होतं. दुकान, अंजू, आईंचे गुडघे, त्यात हा डोलारा कशाला, असं तुझ्या दादाला सांगूनही टाकलं. तो त्या दिवशी कमी जेवला. आणि त्याच दिवशी तू आईंना फोन करून म्हणालीस की वहिनीला सिंदी मेघेला माझ्या घरी पेपर द्यायला पाठवा, कनिष्ठा मी आणते.

शेजारच्या यशोदाकाकूंनी अंगणातच तोंड उघडलं. दिल्या घरच्या लेकीनं माहेरच्या महालक्ष्म्या आणायच्या नसतात, घराला लागतं, म्हणाल्या. मी आईंकडे पाहत होते. त्या सारवण करत होत्या, हातही थांबवला नाही. "माहेरी येते न ते महालक्ष्मी? मंग घरच्या लेकीनं आणली तं काऊन बिघडते?" एवढंच म्हणाल्या. रीता, माझ्यासाठी कुणी असं बोलेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

तुझ्या घरी मी राणीसारखी बसले. मुकेशराव बाहेर जिन्यात बसून राहिले. कुकरची शिट्टी नको म्हणून त्यांनी स्वयंपाकच केला नाही आणि समोरच्यांचा टीव्हीही बंद करवला. इकडे तू डोक्यावर पदर घेऊन मुखवटा आणलास, तो फोटो माझ्या फोनमध्ये अजून आहे. त्यात तू किती घाबरलेली दिसतेस! काकूंनी तुलाही तेच ऐकवलं, असं अंजूनं मला सांगितलं. काकूंचं बोलणं तुझ्या मनात घर करून बसलंय, हे मला तेव्हाच कळलं होतं.

म्हणून हे पत्र. परवा निकाल लागला. बाकी विषय सुटले, पण तुझ्या घरी दिलेल्या त्याच पेपरात मी नापास झाले. यशोदाकाकू तेव्हा दुकानातच होत्या, त्यांना कळलं. त्यांच्या तोंडून तुझ्यापर्यंत पोचलं असतं तर तू स्वतःलाच दोष देत बसली असतीस, मला तू ठाऊक आहेस. तर नीट वाच. खेळत्या भांडवलाची गणितं मला आली नाहीत. तो भाग मी वाचलाच नव्हता, येणार नाही म्हणून सोडून दिला होता. बस, इतकंच झालं. देवीचा यात काही संबंध नाही आणि तुझा तर नाहीच. तुझ्यामुळे मी परीक्षेला बसले, रीता, नाहीतर नापास व्हायचीही माझी वेळ आली नसती. आता सोडणार नाही. थंडीत पुन्हा पेपर आहे, तो भाग तुझा दादा रोज शिकवतोय आणि स्वतःच चुकतोय. आईंना निकाल सांगितला तेव्हा त्या तूर निवडत होत्या. मला म्हणाल्या, पुन्हा बसजो. मग जरा वेळानं सुपातून मान वर करून म्हणाल्या, "रीताले लिहून दे, पुढच्या सालीबी कनिष्ठा तुलेच आणा लागन."

तुझीच,
वर्षालीवहिनी