नगरसेविकेच्या ऑफिसची चावी

२ मार्च २०१२
वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला म्हणून किशोरीला उभी केली, निवडून आणली. सही बायकोची, डोकं माझं. मच्छीबाजाराजवळ जनसंपर्क कार्यालय उघडलंय. तिने दहा ते सहा तिथेच बसायचं, हलायचं नाही. दारात लोकांची रांग लागली पाहिजे. बाथरूमला कुलूप लावलं. माझ्या वाढदिवसाचे बॅनर आत ठेवलेत. चावी माझ्याकडे.

७ मार्च, दुपारी
मासळीवाल्या आल्या. ठमाबाई पुढे. म्हणे, बाजारात बायकांना जागा नाय, तुमचा बाथरूम तरी उघडा, आमी दिसभर पानीच पीत नाय. म्हटलं, मग अडचण काय? पुरुष कुठे तक्रार करतात? मागे भिंत आहे. या बायकांना सगळं आयतं हवं.
उद्या महिला दिन. किशोरीसाठी भाषण लिहिलं. विषय : स्त्रियांचं आरोग्य.

८ मार्च
भाषण अर्ध्यावर टाकून खाली बसली. पोटात दुखतंय म्हणे. नाटकं.

१३ मार्च
ताप. डॉ. स्नेहल म्हणाल्या, लघवीचं इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलंय. दिवसभर पाणी का पीत नाहीत? मी सांगितलं, आळस. बाटली भरलेलीच परत आणते. ऑफिसात बाथरूम आहे का, विचारलं. म्हटलं, आहे की, टाइल्सवालं. किशोरी माझ्याकडे बघत राहिली. तापामुळे असेल.

१४ मार्च
ठरवलं, तिला रोज दोन बाटल्या पाणी पाजायचं. चावी द्यायचाही विचार केला. पण बॅनर भिजले तर? वाढदिवसानंतर बघू.

१९ मार्च
ॲडमिट केली. सलाईन. डॉक्टर म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं. खरंच घाबरलो. पोटनिवडणूक लागली असती. किशोरीने चावी मागितली. म्हटलं, आधी बरी हो.

२७ मार्च, वाढदिवस, सकाळी अकरा
ऑफिसच्या दारात रांग. पार रस्त्यापर्यंत. ऊर भरून आला. जवळ गेलो तर नुसत्या बायका. बाथरूमचं दार कुलपासकट उखडलेलं. नगरसेविकेचा हुकूम म्हणे. दाराच्या जागी पडदा म्हणून माझा बॅनर. हात जोडलेला फोटो. रांग त्याच्यापुढे.
परवाच डिस्चार्ज मिळालेली किशोरी टेबलाशी बसून पाणी पीत होती. बाटली अर्धी संपलेली. माझ्याकडे पाहिलं, शुभेच्छा दिल्या नाहीत.
सकाळपासून माझे चार चहा झाले होते. म्हटलं, जरा मला आधी जाऊ द्या. ठमाबाई म्हणाली, तुमाला मागं भिंत हाय.