डाव्या बाजूला कुणी आलं नाही

न्हावरे, ता. शिरूर
ता. ७ डिसेंबर १९९७

ती. सौ. अक्कास,
नवनाथचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आम्ही सगळी बरी हाओत असं पहिल्या ओळीला लिहायची रीत हाय, पण यंदा तसं लिहवत न्हाई. गौतमीचा गुडघा दुखावला. सरावाच्या मॅचमधी वळायला गेली, पाय तिथंच रुतला आन् अंग तेवढं फिरलं. मी ड्युटीवर होतो. दौंडची गाडी घेऊन परत आलो तवा डेपोतल्या कंडक्टर मंडळींनी सांगितलं. पुण्याच्या डॉक्टरनं फोटो काढला, गुडघा हलवून बघितला. आतली लिगामेंट ताणलीय, तुटली न्हाई. फेब्रुवारीपर्यंत खेळायचं नाव काढू नका म्हणाला. परत मुरगळली तर तुटंल, मग ऑपरेशन, आन् मग हॉकी इसरायची.

तुला ठाऊकच हाय, पोरीचं हे टी. वाय. चं वर्ष. कॉलेज संपलं की खेळ संपला. युनिव्हर्सिटीच्या टीममधी नाव लागलं तर रेल्वेच्या खेळाडू भरतीला उभं राहता येतं. कॉलेजात गेल्यापास्नं ती त्या एका गोष्टीवर जगतीय. सतरा जानेवारीला तुमच्या दौंडच्या ग्राउंडावर तुमच्याच कॉलेजसंगं झोनची फायनल हाय. निवड करणारे ती बी मॅच बघत्यात आन् फेब्रुवारीअखेर पुढची फेरी असती ती बी. म्हणून आमच्या शिरूर कॉलेजच्या सरांनी असं ठरवलंय की ही मॅच बाकीच्यांनी काढायची आन् पुढच्या फेरीत गौतमीला उतरवायची.

तिच्या जागी फुलबॅकला एक पोरगी घावलीय. अपेक्षा नाव. बाप वीज मंडळात, नगरकडनं बदलून आला. गेल्या साली तिकडच्या कॉलेजकडून खेळून कप घेऊन आलेली. फटका असा मारती की ग्राउंडावर झोपलेली कुत्री उठून जात्यात. तुझ्या त्या लाडक्या भाग्यश्रीला म्हणावं, यंदा जपून.

दाजींना जयभीम. त्यांच्या रेल्वे क्वार्टरनं तुला हॉकीचं येड लावलं आन् तू आम्हाला, म्हणून सगळा दोष त्यांचाच. जास्ती काय लिहू, माया हाय तेवढी राहू दे, वाढवून मागत न्हाई.

तुझा,
नवनाथ


दौंड, रेल्वे क्वार्टर
ता. १५ डिसेंबर १९९७

चि. नवनाथास,
अक्काचे अ. उ. आ. आन् जयभीम.

पत्र पोचलं. पोरीचं वाचून जेवण गोड लागलं न्हाई. तुझे दाजी म्हणाले, तिकडं गुडघा दुखतोय आन् इकडं तू का लंगडतीस. त्यांना काय कळतंय. नोकरी सगळी ग्राउंडाशेजारी गेली तरी फाउल कशाला म्हणत्यात ते या माणसाला माहीत न्हाई.

नवनाथ, एक सांगते, चिडू नको. कोर्स अर्धा टाकून दुसऱ्या कॉलेजात आलेल्या पोरीला एक साल खेळता येत न्हाई. बापाची बदली असो न्हाईतर आणखी काही. आमच्यातल्या एका पोरीला असंच बसवलं होतं, ती हाफटाइमला माझ्यासंगं सरबत वाटत फिरायची, बघवत न्हवतं. तुमच्या सरांना इचारून घे. अपेक्षाला खेळवलंत आन् कुणी लेखी तक्रार केली तर मॅच हातची जाईल.

आन् तोंड आवर. गाडीत तू तिकिटं कमी फाडतोस आन् हॉकी जास्ती सांगतोस, हे मला दौंडच्या स्टँडावर कळतं. मी दौंडची हाय, भाग्यश्री जिंकावी असंच मला वाटतं, ती पोरगी माझ्या वट्यावर बसून बूट घालती. पण आमचं कॉलेज जिंकावं तर गौतमी समोर असताना जिंकावं. ती बाहेर बसून बघतीय आन् आम्ही नाचतोय, त्यात काय गोडी हाय.

मला आताशा लई दमायला होतं. ग्राउंडापातूर पोरींच्या पाण्याची कळशी नेली की बसावं लागतं. पोरीला सांग, आत्यानं पाय वर घेऊन बसायला सांगितलंय, घरात झाडलोट करायची न्हाई. अधूनमधून दोन ओळी टाकत जा, तेवढ्यानं बरं वाटतं.

तुझी,
अक्का


न्हावरे
ता. ६ जानेवारी १९९८

ती. सौ. अक्कास,
स. जयभीम वि. वि.

तू सांगितलंस आन् मी ऐकलं न्हाई. एक तारखेला कोरेगावच्या जादा गाड्यांची ड्युटी केली, दुसऱ्या दिवशी न झोपताच दौंडच्या गाडीवर गेलो. चौफुल्याला राहू गावचा एक माणूस चढला, बबनराव म्हणून. चांगला बोलका. यंदा शिरूरचं काय, फुलबॅक तर तुमची लंगडी झाली म्हणाला. मला राहवलं न्हाई. म्हणलं, एक लंगडी झाली तर दुसरी आणलीय, नगरकडं कप जिंकलेली. त्यानं नाव इचारलं. मी आडनावासकट सांगितलं, कॉलेजसकट सांगितलं, बाप काय करतो ते बी सांगितलं. हा माणूस तुमच्या टीमच्या सरांचा साडू निघाला.

दोनच दिवसांनी तक्रार आली. नगरकडं फोनवरच चौकशी झाली, सगळं खरं निघालं, अपेक्षा वर्षभर बाहेर. आमचे सर नवीन, त्यांना नियमच ठाऊक न्हवता. आन् मला ठाऊक होता, तू लिहिला होतास. मी सरांना इचारायचं आज-उद्या करत बसलो, कारण मला वाटायचं इचारलं आन् न्हाई म्हणाले तर. तक्रार करणाऱ्यांचं काय चुकलं न्हाई. नियम हाय तो हाय.

आता राखीव पोरींत फुलबॅक खेळणारी कुणीच न्हाई. गौतमी म्हणती मी खेळते, पट्टी बांधून. मी न्हाई म्हणलं. तर ती म्हणाली, आप्पा, तुमच्या तोंडामुळं अपेक्षा बाहेर गेली, आता निदान माझ्या पायाच्या आड येऊ नका. ही मॅच हरली तर पुढची फेरीच न्हाई, निवडीचा हा एकच दिवस हाय, पाय मोडला तर मोडला. आवाज चढवला न्हाई तिनं. भाजी निवडत होती, निवडता निवडताच बोलली. खेळू द्यावं का अडवावं ते तूच सांग.

पोरीच्या आईनं माझ्याशी बोलणं टाकलंय. डेपोत कुणी हॉकीचं काढलं की मी उठून जातो. लई थकलोय अक्का. तू तरी रागावून पत्र बंद करू नको.

तुझा,
नवनाथ


दौंड
ता. ११ जानेवारी १९९८

चि. नवनाथास,
अ. उ. आ.

चार शिव्या द्यायच्या ठरवून कागद घेतला होता. पण तुझं पत्र परत वाचलं आन् दिल्या न्हाईत. झालं ते झालं.

पोरीला अडवू नको. आज अडवलंस तर उद्या नोकरी लागली न्हाई, की लग्न मनासारखं झालं न्हाई, की प्रत्येक खेपेला तुझंच नाव घेईल. खेळू दे.

इकडचं सांगते. गौतमीचा गुडघा दुखावलाय हे सगळ्या ग्राउंडाला माहीत झालंय. आमची नेहमीची बघी मंडळी भिंतीवर बसून बोलत होती की सगळे बॉल हिच्याच बाजूनं काढायचे, दोनदा गर्रकन वळायला लावायचं, तिसऱ्या खेपेला ती उठत न्हाई. ती डावीकडची फुलबॅक, आन् तिच्या समोर आमची राइट विंगर कोण, तर भाग्यश्री. तिच्या पायात वारं हाय. खेळ म्हणून बघितलं तर डाव बरोबरच हाय. परक्याच्या पोरीबद्दल बोलले असते तर मी बी मान डोलावली असती. पण मी तिथनं कळशी उचलून घरला आले आन् दार लावून बसले.

तिच्या गुडघ्याचं मी माझ्या परीनं बघते. कसं ते इचारू नको. तू फक्त मॅचच्या दिवशी रजा काढून ये आन् गपचूप बस. पोरीवर आन् माझ्यावर भरवसा ठेव, तेवढाच पुरे.

तुझी,
अक्का


दौंड
ता. १९ जानेवारी १९९८

चि. नवनाथास,
अ. उ. आ.

परवा मॅच सुटल्यावर तुम्ही न थांबता गेलात. पोरगी आधी जाऊन गाडीत बसली म्हणून तू बी पळालास, समजलं मला. मी तिळगूळ घेऊन गेटापर्यंत आले होते.

आम्ही दोन गोलांनी जिंकलो. दर साली मी सगळ्या क्वार्टरांत पेढे वाटते, यंदा तुझ्या दाजींना सांगितलं तुम्हीच वाटा. मला जिंकल्याचं काय वाटलं न्हाई. मला वाटलं ते एवढंच, की पोरगी आली तशी दोन पायांवर चालत गेली.

आता तुला सांगते, पण तिला सांगू नको. मॅचच्या आधी मी भाग्यश्रीला वट्यावर बसवून घेतलं. म्हणलं, बाई, माझ्या भावाची एकुलती पोरगी हाय, तू कॅप्टन हायस, डाव डावीकडनं चालव, उजवीकडं जाऊ नको. तिनं आधी बुटाची नाडी बांधून घेतली. मग म्हणाली, आत्या, असं खेळत न्हाईत. मी म्हणलं, मला माहीत हाय असं खेळत न्हाईत, आयुष्य गेलं माझं बघण्यात. मग मी तिला माझी शपथ घातली.

तू बघितलंसच. सगळी मॅच आमच्या पोरी डावीकडनंच गेल्या. भिंतीवरची मंडळी ओरडून ओरडून घसा बसवून घेत होती की उजवीकडं लंगडी उभी हाय, तिकडं जा. भाग्यश्रीनं कान दिला न्हाई. दोन्ही गोल तुमच्या उजव्या फुलबॅकवर झाले, तिचं वाईट वाटतं, पण तिचे पाय धड हायत.

आजवर मी दौंडशी कधी बेइमानी केली न्हवती. ही केली, आन् मला पस्तावा न्हाई. लेकरू वाचलं. आता वहिनीला म्हणावं, नवऱ्याशी बोल, पुष्कळ झालं. लोभ हाय तो माझ्या बाजूनं कमी व्हायचा न्हाई.

तुझी,
अक्का


न्हावरे
ता. १ फेब्रुवारी १९९८

ती. सौ. अक्कास,
स. जयभीम वि. वि.

युनिव्हर्सिटीच्या निवडीची पहिली यादी लागली, झोनच्या फायनलवरनं. तुमची भाग्यश्री हाय. आमच्याकडनं कुणी न्हाई.

मला राहवलं न्हाई म्हणून आमच्या सरांना घेऊन मी निवड करणाऱ्यांतल्या एका बाईंना भेटलो. लई सभ्य बाई. त्यांना गौतमी आठवत होती. म्हणाल्या, नाव ऐकून होतो, मुद्दाम तिच्यासाठी त्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलो होतो. पण तिच्याकडं बॉलच आला न्हाई. तिनं एक अडवला असता, एखादा सुटला असता, तरी काहीतरी बघितलं असतं. उभ्या राहिलेल्या पोरीला कशावर घ्यायचं. आम्ही नमस्कार करून निघालो.

अक्का, मी तुला दोष देत न्हाई. माझ्या तोंडानं एक झालं, तुझ्या मायेनं दुसरं झालं. आपण दोघांनी मिळून पोरीचं भलं केलं. तू काय केलंस ते मी तिला सांगितलं न्हाई आन् सांगणार न्हाई. ती घरात नीट वागती, जेवती, कॉलेजला जाती. हॉकीचं काय बोलत न्हाई. स्टिक कुठं ठेवलीय ते मला दिसत न्हाई आन् इचारायचा धीर होत न्हाई.

जास्ती लिहवत न्हाई. तब्येत सांभाळ.

तुझा,
नवनाथ


न्हावरे
ता. ८ फेब्रुवारी १९९८

ती. सौ. आत्यांस,
गौतमीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आप्पा माझ्यापासून लपवतात, पण मला मॅचच्या दिवशीच कळलं होतं. हात मिळवताना भाग्यश्रीनं सांगितलं की तुझ्या आत्यानं शपथ घातली होती. तिला वाटलं मला बरं वाटेल. तिच्यावर रागावू नका, तिला लपवता येत नाही.

पहिला काही वेळ मी खूश होते. मला वाटलं, दौंडच्या पोरी मला घाबरून दुसरीकडून जातात. पट्टी घट्ट होती, पाय हलका वाटत होता, आणि मी मनात म्हणत होते की एकदा या, मग दाखवते. हाफटाइमनंतर मी ओरडून बोलावलं. भाग्यश्री माझ्याकडे बघायची आणि बॉल पलीकडे द्यायची. आमची उजवीकडची पोरगी एकटी झुंजत होती, तिच्या मदतीला धावत गेले तर आमचे सर ओरडले की जागा सोडू नको. दोन्ही गोल मी माझ्या जागेवरून बघितले.

आत्या, तुमचा मला राग आला आहे. गुडघा माझा होता. तो पणाला लावायचा हे मी ठरवलं होतं, आप्पांशी भांडून, आईला रडवून ठरवलं होतं. बॉल आला असता आणि पाय मोडला असता तर मी रडले असते, पण मी खेळले होते असं मला म्हणता आलं असतं. मी वाईट खेळले असते तरी चाललं असतं. तुम्ही इतकी वर्षं हॉकी बघता, तुम्हाला हे कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं तर मी समजून घेतलं असतं.

भाग्यश्रीला माझ्याकडून शाबासकी द्या. ती निवडली गेली ते योग्यच झालं.

काल आप्पा मला पुण्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. त्यांनी गुडघा वाकवून, दाबून बघितला. अगदी पहिल्यासारखा झाला, आता खुशाल खेळा, असं म्हणाले. आप्पांनी त्यांना हात जोडले. मी चपला घातल्या आणि बाहेर येऊन बाकावर बसले.

माझी माया आहे तशीच आहे, ती काही गेलेली नाही. पण एवढ्यात मी दौंडला येणार नाही, आणि का म्हणून पत्रात विचारू नका.

आपली,
गौतमी