सिंदेवाहीला आलात की घर आपलंच

मी, दादाजी सोनबाजी मोहुर्ले, वय बासष्ट, धंदा प्रवासवर्णने लिहून मासिकांना पाठवणे, राहणार सिंदेवाही, जिल्हा चांदा, हे मृत्युपत्र आज स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पाय सुजले आहेत, डोके ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. थकलो आहे म्हणून लिहितो, आणि मागे भांडण नको म्हणूनही.

१. स्टेशनाजवळचे दोन खोल्या व ओसरीचे घर मी स्वकमाईतून बांधले. कसे बांधले ते संपादकांना विचारू नये. त्यांच्यापैकी निम्म्यांनी मानधन म्हणून अंकच पाठवले. हे घर माझी पत्नी सुगंधाबाई हिला पूर्ण मालकीने देतो. विकावे, ठेवावे, कुलूप लावावे, तिची मर्जी. धाकटा भाऊ सोमाजी याचा त्यात हिस्सा नाही. मी डोळे मिटले की इथे खानावळ काढायचा त्याचा बेत मला ठाऊक आहे. परवा माझ्या उशाशी बसून म्हणाला, "भाऊ, गिऱ्हाईक तं आयतंच हाये. अन् वयनीच्या हाताले चव हाये." मी अजून जिवंत होतो. या घरात खानावळ निघणार नाही.

२. हे कलम महत्त्वाचे. प्रवास लिहिणाऱ्याला पगार नसतो, भत्ता नसतो. सिरोंचापासून भामरागडपर्यंत मी लोकांच्या ओसरीवर झोपलो, त्यांच्याकडे जेवलो आणि निघताना प्रत्येकाला म्हणालो, "सिंदेवाहीला आलात की घर आपलंच." बोलायला काय लागते! लोक खरेच आले. रेल्वे गाठायला, दवाखान्याला, कोर्टाला, लग्नाच्या बस्त्याला. मी पुढच्या गावी असायचो. भात ती टाकायची. पोंभुर्ण्याचे एक सबंध वऱ्हाड घरात मुक्कामाला होते तेव्हा मी आलापल्लीच्या जंगलात बसून तिथल्या शांततेवर लेख लिहीत होतो. परत आलो तर ती म्हणाली, "सगळ्यायपेक्षा जुना पाहुना तं तुमीच." ते मला लागले. अजून लागते.

तर जाहीर करतो की तो शब्द माझा होता, तिचा नव्हे. तो माझ्याबरोबर जळावा. माझ्यानंतर कोणासाठीही चूल पेटवण्यास सुगंधाबाई बांधील नाही.

३. सायकल सोमाजीला. त्याने ती एकदा तरी गडचिरोलीपर्यंत हाणावी आणि अंधार पडल्यावर कोणाच्या तरी ओसरीवर जागा मागून पाहावी.

येथवर लिहून साक्षीदारांना वाचून दाखवले. पोस्टमन पत्रू निकुरे यांनी मान हलवली. दुसरा साक्षीदार गोंडपिपरीचा बांगडीवाला इनायत. तोही दुपारच्या गाडीसाठी येऊन माझ्याच ओसरीवर टेकला होता. एकदा त्याच्या गावी मी तापाने पडलो तेव्हा त्याच्या घराने मला उठून बसेपर्यंत सांभाळले होते. तो म्हणाला, "भाऊ, मंग मी कुठी उतरू?"

सुगंधा हात पुसत बाहेर आली.

"हे हायेत तवर इथीच उतरा. मंग मीच येतो तुमच्या घरी. इतकी वरसं रांधलं, इनायतभाऊ, आता मले कोनी बसवून वाढन का नाई?"

"बैलबंडी घेऊन न्यायले येतो, भाभी," इनायत म्हणाला.

एवढी गावे हिंडलो, पण हे माझ्या डोक्यात कधी आले नव्हते. म्हणून एक कलम वाढवतो.

४. ज्या ज्या घरी मी जेवलो, त्या सगळ्या घरांवरचा माझा लोभ सुगंधाबाईला. याहून जास्त मला काही जमवता आले नाही. वळकटी आणि कंदील तिचाच. ती दारात आली तर तिला पाट द्यावा, गरम भात वाढावा. चुलीकडे जाऊ देऊ नये.

सही: दादाजी सोनबाजी मोहुर्ले

साक्षीदार:
इनायत खाँ वल्द रहीम खाँ, गोंडपिपरी
पत्रू लक्ष्मण निकुरे, पोस्टमन, सिंदेवाही

मुक्काम सिंदेवाही, ता. ९ फेब्रुवारी १९५८