तुमच्या फळीवरच्या लाल बाटल्या

आत्याबाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमच्या फोटोवरचा चंदनाचा हारसुद्धा काळा पडला. तरी आज तुम्हाला लिहायला बसले, कारण एक गोष्ट सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडणार नाही. काल तुमचं पित्तर होतं. तुमच्या पानात मी काय वाढलं ते नीट ऐका. वडे, खीर, कढी सगळं होतंच, पण त्यांच्या शेजारी स्ट्रॉबेरी होती. आपल्याच तीर्थपुरीच्या रानातली, माघात तोडलेली, काचेच्या बाटलीत भरून भाद्रपदापर्यंत टिकवलेली. ती भरली तुमच्या नातसुनेनं, आणि भरली तेव्हा तिच्या पाळीचा दुसरा दिवस होता. तुम्ही असतात तर डोक्यावरून घागरभर पाणी ओतून घेतलं असतं. आता घ्या ओतून, जिथं कुठं असाल तिथं.

ते कैरीचं लोणचं तुम्ही विसरला नसाल. माझ्या लग्नाचं पहिलं वर्ष, जुन्या जालन्यातलं हेच घर, आणि स्वयंपाकघरातली ती कोपऱ्यातली उंच फळी. तिच्यावर तुमच्या चिनीमातीच्या बरण्या फडक्यानं तोंडं बांधून बसलेल्या असायच्या, तुमच्यासारख्याच, ताठ. पोळ्याच्या सणाला तुम्ही मोठी बरणी उघडलीत आणि वर पांढरी बुरशी. तुम्ही आधी फडक्याची घडी घातलीत, बाजूला ठेवलीत आणि माझं मनगट धरून मला ओसरीवर आणलंत. तिथं गल्लीतल्या बाया गहू निवडत होत्या. समोरच्या कपड्याच्या दुकानवाल्यांची मारवाडी शेठाणी होती, तुमची लेक माहेरपणाला आली होती. सगळ्यांच्या पुढं तुम्ही विचारलंत, "बरणीला हात लावल्ता का न्हाई? खरं बोल."

"न्हाई लावला, आत्याबाई."

"मंग काय आपोआप नासली? दोन महिने झाले, बाहेर बसली न्हाईस तू. विटाळ लपवून घरात फिरून राह्यलीस. मला काय दिसत न्हाई व्हय?"

शेठाणी बिचारी म्हणाली, "जाने दो ना, नई बहू है." तुम्ही तिच्याकडं बघितलंदेखील नाही. "उचल ती बरणी," म्हणालात, "आन् वत गटारीत. तूच वत." मी बरणी उचलते. ती माझ्या कमरेएवढी, तेलानं बुळबुळीत, आणि माझ्या अंगावर लग्नातली मोरपंखी साडी. ओसरीच्या पायऱ्या उतरताना तेल पदरावर सांडतं. बाया सूप हातात धरून नुसत्या बघतायत. मी ओतते, फोडी गटारीत पडतात, आणि माझ्या पाठीमागं तुमचा आवाज येतो, "हिच्या हाताला गुणच न्हाई." मोहरीचा तो वास अजून कधीकधी अचानक नाकात येतो. साडीवरचे डाग मात्र कधीच गेले नाहीत.

आत्याबाई, मला तेव्हा दिवस जाऊन दोन महिने झाले होते. म्हणून मी बाहेर बसले नव्हते. नवऱ्याला अजून सांगितलं नव्हतं, आईला सांगितलं नव्हतं, माझाच मला भरवसा नव्हता. तेवढ्या बायांपुढं नव्या नवरीनं तोंड उघडून काय सांगायचं? पण तुम्ही पाच लेकरांची आई. सून दोन महिने बाहेर बसली नाही, याचं दुसरं काही कारण तुमच्या ध्यानात येऊ नये? बरं, तेव्हा नाही आलं. पुढं पोट दिसायला लागलं तेव्हा? तुम्ही माझी ओटी भरलीत, डिंकाचे लाडू केलेत, पोराच्या बारशाला पेढे वाटलेत. त्याच बारशात शेठाणीनं बोटांवर महिने मोजले आणि तुमच्याकडं बघितलं. मी पाळण्याशेजारी बसून बघत होते. तुम्ही मान वळवलीत आणि पाव्हण्यांना चहा विचारायला गेलात. म्हणजे तुम्हाला बराबर कळलं होतं. एक शब्द बोलला असतात, "चुकलं माझं", तर मी ती साडी आनंदानं बोहारणीला देऊन टाकली असती.

तो शब्द आलाच नाही. उलट जिथं जाल तिथं तुमचं सुरू, हिला पापडाला बसवा, लोणच्याला नको. भावकीतल्या प्रत्येक लग्नात मी पापड लाटले. शेजारच्या खोलीत बाया हसतखिदळत लोणच्याचा मसाला कालवायच्या आणि मी लाटणं फिरवत बसायची. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा तुमचं सगळं मी केलं. अंग पुसलं, लुगडी बदलली, भरवलं. त्याला माझे हात चालले. पण तोंडी लावायला लोणच्याची एक फोड काढायची म्हटली, की शहागडहून तुमची लेक येईपर्यंत तुम्ही कोरडा भात खायच्यात. मी दारात वाटी घेऊन उभी असायची आणि तुम्ही म्हणायच्यात, "ऱ्हाऊ दे, ती येईल." त्या वाटीसकट मी किती वेळा परत फिरले, त्याचा मी हिशेब ठेवला नाही, पण राग ठेवला.

आता स्ट्रॉबेरीचं सांगते. तोच पोरगा, ज्याच्यामुळं तुमचं लोणचं नासलं म्हणायचं, त्यानं गेल्या हिवाळ्यात रानात स्ट्रॉबेरी लावली. रोपं थेट महाबळेश्वरहून आणली, ठिबक टाकलं, वाफ्यावर प्लास्टिक अंथरलं, खर्च तर विचारूच नका. सारं गाव हसलं, मीही हसले. पण माघात फळ असं सुटलं की तोडायला माणसं पुरेनात. मोठं मोठं फळ व्यापाऱ्यानं नेलं, बारकं सगळं घरी आलं. हे फळ मोठं नाजूक. सकाळी तोडलं की संध्याकाळी पाणी सोडायला लागतं. सून म्हणाली, "आई, फेकण्यापेक्षा बाटल्या भरू. मी मोबाईलवर बराबर बघून ठेवलंय." मी लिंबं कापायला घेतली, तर ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरच उभी. मी म्हटलं, "आता काय झालं?" खाली बघत म्हणाली, "कालपासून पाळी आलीय. घरात मी सगळं करते, पण हे वर्षभराचं टिकवायचं आहे. तुम्हाला चालेल का?" माझ्या घरात, माझ्या उंबऱ्यात, तुमचा धाक अजून उभा होता. त्या वेळी माझ्या मनात आलं ते काही पुण्याईचं नव्हतं. मी म्हटलं, "आत ये. तूच भर. आणि ठेवायच्या त्या फळीवर, फोटोखाली."

मग तिनं सगळं केलं. देठं खुडली, फळ धुऊन कोरडं केलं, साखरेत मुरत ठेवलं. लाल पाणी सुटल्यावर लिंबू पिळून शिजवलं. तिकडं काचेच्या बाटल्या आणि झाकणं उकळत्या पाण्यात. गरम बाटलीत गरम फळ भरायचं, वर बोटभर जागा सोडायची, बाटलीची कड स्वच्छ पुसायची, झाकण लावायचं. मोठ्या पातेल्यात तळाशी फडकं, त्यावर बाटल्या, झाकणं बुडतील एवढं पाणी, आणि वर खदखदा उकळी. बाहेर काढल्यावर एकेक झाकण गार होत आत बसायचं, टक्क करून. प्रत्येक टक्क आवाजाला मी तुमच्या फोटोकडं बघितलं. तुमच्या बरण्या मी माळ्यावर टाकल्या, उपड्या.

तिथून पुढं मात्र माझी झोप उडाली. सांगायला काय जातं? यातलं नासलं असतं तर तुम्ही जिंकला असतात. सुनेच्या मनात ते कायमचं बसलं असतं, आणि मी कोणत्या तोंडानं म्हणणार होते की पोरी, काही नसतं यात? चैत्र गेला, वैशाखात पत्रे तापले, पावसाळ्यात भिंतींना ओल आली. रोज आंघोळ झाली की मी आधी फळीपाशी जायची, झाकणांवरून बोट फिरवायची आणि मग देवाला दिवा लावायची.

आणि काल पंगतीत सगळ्यांसमोर मी बाटली उघडली. गच्चीवर तुमचं पान ठेवलं. कावळ्यानं आधी वडा नेला, मग परत आला आणि लाल फोड उचलली. मी मोठ्यानं म्हटलं, "खाल्लंत ना?" पोराला वाटलं मी हात जोडून काही म्हणतेय. खाली वन्संनी वाटी चाटूनपुसून खाल्ली आणि विचारलं, "वैनी, कोणी केलं हे? भारी झालंय." मी सांगितलं कोणी केलं, आणि कधी केलं तेही. त्यांचा घास तोंडातच राहिला. मग त्याच दमात दोन महिन्यांचंही सांगून टाकलं, इतक्या वर्षांनी, तुमच्या लेकीसमोर. वन्संनी वाटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "आईला ठाऊक होतं. बारशाच्या रात्री मला म्हणली होती, चुकलं आपलं. पण म्हणे, सासू हाय मी, सुनंपुढं कशी वाकू?"

त्यांना वाटलं मी निवळेन. मी तर जास्तच पेटले, आत्याबाई. तो शब्द तुमच्याजवळ होता, तुम्ही तो लेकीला दिलात, आणि मला लाटणं दिलंत. असली उष्टी माफी मला बिलकुल नको. मी सुनेला सगळ्यांसमोर म्हटलं, "पोरी, आणखी वाढ वन्संना." तिनं वाढलं, आणि वन्संनी ते निमूट खाल्लं. बोटानं वाटी पुसतपुसत त्यांनी विचारलं, "सगळ्या टिकल्या?" मी म्हटलं, "सगळ्या. एकबी गेली न्हाई."

हे पत्र कुठं टाकायचं नाही. फळीवर अंथरीन, लिहिलेली बाजू खाली, वर बाटल्या. पण वन्संना सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आता कोणाला सांगू शकत नाही. एक गेली. श्रावणात तिचं झाकण फुगलं, उघडलं तर वर तीच पांढरी बुरशी. सुनेची नव्हती ती. माघात भरायच्या दिवशी शेवटची बाटली हट्टानं मी भरली होती. मनात तुम्हाला शिव्या देत होते आणि कड पुसायची राहून गेली. माझी पाळी जाऊन किती वर्षं झाली, म्हणजे तुमच्या हिशेबानं मी अगदी सोवळी. घरात कोणी उठायच्या आत मी ती मोरीत ओतली आणि वरून पाणी टाकलं. ओतताना मी दोनदा मागं वळून बघितलं, दारात तुम्ही तर उभ्या नाहीत ना.